पोटातल्या बाळाच्या फुफ्फुसात दोष दिसला: नाशिक भागातले आई-वडील वारंवार विचारतात ते प्रश्न

१८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाच्या छातीत काहीतरी वेगळं दिसतं, रिपोर्टवर 'सीपॅम' किंवा 'सिक्वेस्ट्रेशन' असा शब्द येतो आणि त्या रात्रीपासून घरात कुणाला झोप लागत नाही. असं निदान झाल्यावर कुटुंबांशी बोलणं हे माझं काम आहे. सिडकोतून कुणी येवो की सुरगाण्याहून, प्रश्न बहुतेक तेच असतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटण्याची कारणं दोन. काही जण पहिल्याच रिपोर्टवर घाबरून टोकाचा निर्णय घ्यायला निघतात. आणि काही जण बाळ गुटगुटीत जन्मलं की पुढच्या तपासण्यांना फिरकतच नाहीत. या आजारात बहुतेक बाळांचं चांगलं होतं, म्हणून तर या दोन्ही गोष्टी जास्त जिव्हारी लागतात.

रिपोर्टवर सीपॅम लिहिलंय. म्हणजे बाळाला नेमकं काय झालंय?

फुफ्फुस द्राक्षाच्या वेलीसारखं वाढतं: श्वासनलिकेच्या खोडातून फांद्या, त्यांतून बारीक फांद्या आणि शेवटी टोकाला हवेच्या पिशव्यांचे घड. ही फांद्या फुटण्याची कामगिरी गर्भाच्या पहिल्या चार महिन्यांत बरीचशी उरकते. त्या काळात एखाद्या फांदीची वाढ भरकटली किंवा तिचं तोंड बुजलं, तर तेवढ्या भागात नेहमीच्या फुफ्फुसाऐवजी पाण्याने भरलेल्या पोकळ्या किंवा दाट, स्पंजासारखा भाग तयार होतो. त्याला सीपॅम म्हणतात. जुन्या रिपोर्टांत किंवा जुन्या डॉक्टरांच्या तोंडी 'सीकॅम' येईल, गोष्ट तीच.

सिक्वेस्ट्रेशनमध्ये फुफ्फुसाचा एक तुकडा श्वासनलिकेशी नीट जोडलेलाच नसतो आणि त्याला रक्त थेट महाधमनीतून, म्हणजे शरीराच्या मुख्य रक्तवाहिनीतून, येतं. कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लावला की ती वेगळी रक्तवाहिनी दिसते आणि निदान पक्कं व्हायला मदत होते. काही बाळांत दोन्ही प्रकार एकत्रही असतात. याशिवाय ब्रॉन्कोजेनिक सिस्ट, ब्रॉन्कियल अट्रेशिया आणि फुफ्फुसाचा एक कप्पा प्रमाणाबाहेर फुगणं असे चुलत प्रकार आहेत. पोटात असताना कोणता प्रकार आहे हे दरवेळी ठामपणे सांगता येत नाही, आणि त्या घडीला त्याने फारसं बिघडतही नाही. भाग किती मोठा आहे आणि हृदयावर दाब येतोय का, हे जास्त महत्त्वाचं.

माझ्या हातून काही चुकलं का? सासूबाई म्हणतात ग्रहण पाळलं नाही.

नाही. ग्रहण, पपई, जिना चढणं, पाण्याचे हंडे उचलणं, मोबाईल, बसचा प्रवास, यांतल्या कशानेही हा दोष होत नाही. आई-वडिलांच्या रक्तगटाचाही संबंध नाही. द्राक्षबागेच्या पट्ट्यातल्या बायका फवारणीबद्दल हमखास विचारतात. गरोदरपणी फवारणीपासून लांब राहायलाच हवं, पण ती वेगळ्या कारणांसाठी. तिच्यामुळे हा दोष झाला असं म्हणायला आधार नाही.

हा प्रश्न बाई बहुतेक वेळा नवरा बाहेर गेल्यावर हळूच विचारते. म्हणून नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून हेच उत्तर पुन्हा सांगायचं, असा माझा आग्रह असतो. ज्या बाईला पुढचे चार महिने तपासण्यांच्या खेपा घालायच्या आहेत तिच्या डोक्यावर दोषाचं ओझं ठेवणं हा अन्याय आहे.

बाळ वाचेल का?

पहिला प्रश्न हाच असतो, बाकीचे त्याच्यामागे येतात. उत्तर एका गोष्टीवर ठरतं: बाळाच्या अंगात पाणी साचतंय का. छातीतला भाग खूप मोठा झाला तर तो हृदयाला बाजूला ढकलतो, हृदयाकडे येणारं रक्त अडखळतं आणि मग पोटात, छातीत, हृदयाभोवती, कातडीखाली पाणी साचायला लागतं. याला हायड्रॉप्स म्हणतात. हायड्रॉप्स नसेल तर १०० पैकी ९५हून जास्त बाळं जगतात, आणि त्यांतली बहुतेक जन्मल्यावर इतर बाळांसारखीच रडतात, दूध पितात, घरी जातात. हायड्रॉप्स झालं आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर मात्र बाळ दगावण्याची शक्यता फार मोठी असते.

हायड्रॉप्स होणाऱ्या बाळांची संख्या थोडी आहे. तरी आपलं बाळ कोणत्या गटात आहे हे एका सोनोग्राफीत कळत नाही, कारण हा भाग वाढत जातो. सीपॅम साधारण २० ते २६ आठवड्यांत झपाट्याने वाढतो, २८ आठवड्यांच्या आसपास वाढ थांबते, आणि पुढे बाळ मोठं होत जातं तसा तो त्या मानाने लहान दिसू लागतो. म्हणून २१व्या आठवड्यात काढलेला एक फोटो पाहून भवितव्य सांगू नये, आणि कुणी सांगितलं तर ते शेवटचं मानू नये.

हृदय उजवीकडे सरकलंय, असं रिपोर्टवर वाचून लोक धसकतात. डाव्या फुफ्फुसातला भाग मोठा असला की हृदय सरकतंच. हृदयाची रचना आणि ठोके ठीक असतील, पाणी साचलेलं नसेल, तर नुसतं सरकणं हे वाईट लक्षण नाही. भाग आकसला की ते बहुधा जागेवर येतं.

सीव्हीआर हा आकडा काय आहे? आमचा ०.९ आलाय.

छातीतल्या त्या भागाचं आकारमान बाळाच्या डोक्याच्या घेराशी ताडून काढलेला हा आकडा आहे. भागाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, त्याला ०.५२ने गुणायचं आणि डोक्याच्या घेराने भागायचं. भाग ४ बाय ३ बाय ३ सेंटिमीटर आणि डोक्याचा घेर २० सेंटिमीटर असेल तर आकडा साधारण ०.९४ येतो. रिपोर्टवर मापं बरेचदा मिलिमीटरमध्ये असतात, तेव्हा घरी हिशोब करणाऱ्यांनी आधी सगळी सेंटिमीटरमध्ये आणावीत. एका वडिलांनी चुकीच्या मापाने आकडा काढला आणि रात्रभर रडत बसले.

२००२ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. १.६च्या वर आकडा असलेल्या बाळांपैकी चारातल्या तिघांना किंवा त्याहून जास्त बाळांना हायड्रॉप्स झाल्याचं त्यांना दिसलं. १.६ किंवा त्याखाली असेल आणि एकच मोठी ठळक पोकळी नसेल, तर हायड्रॉप्स फार क्वचित होतो. तुमचा ०.९ म्हणजे धोक्याच्या रेषेच्या बराच खाली आहे, पण तुम्ही २२व्या आठवड्यात असाल तर तो वाढू शकतो. पुढच्या दोन-तीन सोनोग्राफींत तो कुठे जातोय ते बघायचं. आकडा १च्या पुढे राहिला तर जन्मानंतर श्वासाला मदत लागण्याची शक्यता वाढते आणि बाळंतपण कुठे करायचं हे त्यावर ठरवावं लागतं.

दर वेळी रिपोर्टवर हा आकडा लिहून मागा. तुमचा तो हक्क आहे. शक्यतो एकाच केंद्रात, एकाच डॉक्टरांकडून मोजून घ्या. माणूस बदलला की मापही थोडं बदलतं.

सोनोग्राफी किती वेळा? इतक्या वेळा केल्याने बाळाला त्रास नाही ना?

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. आवाजाच्या लहरी असतात. आकडा लहान असेल तर दोन ते चार आठवड्यांनी, मोठा असेल तर दर आठवड्याला, आणि १.६च्या पुढे गेला तर आठवड्यातून दोनदाही बोलावतात. सगळ्यात दक्ष राहायचा काळ २८व्या आठवड्यापर्यंतचा.

हृदयाची रचना नीट पाहण्यासाठी फीटल इको एकदा करून घ्यावा. निदानात शंका असेल तेव्हा एमआरआय उपयोगी पडतो. नुसता सीपॅम असेल, बाकी सगळं नॉर्मल असेल, तर गुणसूत्रांचे दोष सहसा सोबत नसतात. त्यामुळे गर्भजल तपासणी प्रत्येकीला लागतेच असं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी डायाफ्रॅमॅटिक हर्नियाची शंका घेतली. तेच आहे का हे?

नाही, आणि हा फरक फार मोलाचा आहे. हर्नियात छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला भोक असतं आणि आतडी, जठर छातीत चढतात. सोनोग्राफीत जठर पोटात दिसतं की छातीत, पडदा सलग दिसतो का, यावरून बहुतेक वेळा उलगडा होतो. हर्नियात उरलेली फुफ्फुसं खुजी राहतात आणि बाळाचं पुढचं गणित बरंच अवघड असतं. सीपॅमचं चित्र त्या मानाने खूप बरं. हे दोन एकमेकांत मिसळून दिलेला सल्ला घातक ठरतो. शंका असेल तर फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या, तज्ज्ञांकडून सोनोग्राफी पुन्हा करून घ्या. नाशिकमध्ये हे तज्ज्ञ आहेत. पुण्या-मुंबईलाच धावलं पाहिजे असं नाही.

हायड्रॉप्स झालंच तर काही उपाय आहे?

आहे, आणि पूर्वीपेक्षा बरेच आहेत. भाग दाट, बारीक पोकळ्यांचा असेल तर आईला बीटामेथासोनची इंजेक्शनं देतात: १२ मिलिग्रॅमची दोन, २४ तासांच्या अंतराने. औषध वारेतून बाळापर्यंत पोहोचतं, आणि बऱ्याच बाळांत वाढ थांबते, पाणी ओसरतं. एका फेरीने भागलं नाही तर कधी कधी पुन्हा देतात. आईला मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर चढते, म्हणून ती सांभाळावी लागते.

एकच मोठी पोकळी पाण्याने तट्ट फुगलेली असेल तर इंजेक्शनांचा उपयोग कमी. तिथे सोनोग्राफीत बघत सुईने पाणी काढतात किंवा पोकळी आणि गर्भजल यांना जोडणारी बारीक नळी बसवतात. सिक्वेस्ट्रेशनमध्ये पाणी साचलं तर त्या वेगळ्या रक्तवाहिनीवर लेझर करता येतो. ही कामं मोजक्या केंद्रांत होतात. तिथे मुंबई-पुण्याला जाण्याची तयारी ठेवायला हवी. ३२ आठवड्यांच्या पुढे हायड्रॉप्स दिसला तर बाळंतपण लवकर करून बाळावर बाहेर उपचार करण्याचा विचार होतो.

बाळाला हायड्रॉप्स असताना आईच्या हातापायांना आणि तोंडाला एकदम सूज आली, बीपी वाढलं, डोकं दुखू लागलं, तर उद्यावर ढकलू नका. बाळाच्या आजाराचं सावट आईच्या शरीरावर पडण्याची ही स्थिती असते आणि त्यात आईच्याच जिवाला धोका असतो.

नातेवाईक म्हणतात, मूल ठेवू नका. कायदा काय सांगतो?

२०२१च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या मंजुरीने परवानगी मिळू शकते. संमती बाईचीच लागते; सासरची किंवा माहेरची नाही.

निर्णय तुमचा आहे. पण मला विचाराल तर हायड्रॉप्स नसलेला, एकटाच असलेला सीपॅम हे गर्भ काढण्याचं कारण मला वाटत नाही. '२४ आठवडे संपतील, मग काहीच करता येणार नाही' या धाकाने लोक २२व्या आठवड्यात घाईला येतात. गंभीर व्यंगासाठी ती मर्यादा शेवटची भिंत नाही, हे वर लिहिलंच आहे. दोन आठवडे थांबून पुन्हा मोजमाप केलं तर बहुतेक घरांचा निर्णय आपोआप निवळतो.

आठव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता काहीच दिसत नाही. बरं झालं ना?

आनंद जरूर माना. भाग लहान झालाय, दाब गेलाय, ही खरोखर चांगली बातमी आहे. पण दिसेनासं झालं म्हणजे नाहीसं झालं असं धरू नका. शेवटच्या तीन महिन्यांत नेहमीचं फुफ्फुसही सोनोग्राफीत उजळ दिसू लागतं आणि दोषाचा भाग त्यात मिसळून जातो. अशा बाळांचा जन्मानंतर सीटी केला की बहुतेकांत तो सापडतोच. अगदी पूर्ण विरून गेलेला भाग थोड्याच बाळांत आढळतो.

बाळंतपण माहेरी केलं तर चालेल? सिझर लागेल का?

सिझर फक्त नेहमीच्या कारणांसाठी: बाळ आडवं आहे, कळा थांबल्या, ठोके बिघडले. फुफ्फुसातल्या दोषासाठी वेगळं सिझर बहुतेकींना लागत नाही आणि दिवस पूर्ण भरू द्यायचे असतात.

माहेरचा प्रश्न जास्त नाजूक आहे. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपल्याकडचा रिवाज, आणि त्यात आईची माया असते, विश्रांती असते. पण माहेर पेठ, सुरगाणा, कळवण किंवा त्र्यंबकेश्वरच्या वाडीवर असेल आणि जवळच्या दवाखान्यात नवजात अतिदक्षता विभाग नसेल, तर ओटी भरून माहेरी जा, हवं तितकं राहा, पण दिवस भरत आल्यावर नाशिकला या. आईला शहरात नातेवाइकांकडे सोबत आणता येते. आकडा लहान असेल तर नवजात विभाग आणि बालरोगतज्ज्ञ असलेलं कोणतंही चांगलं रुग्णालय चालेल. आकडा मोठा राहिला किंवा हायड्रॉप्स होऊन गेला असेल तर बालशल्यचिकित्सक आणि व्हेंटिलेटर एकाच छताखाली असलेलं ठिकाण आधीच ठरवा, आणि सातव्या-आठव्या महिन्यात एकदा जाऊन त्यांना भेटून या.

कसारा घाट आता पूर्वीसारखा अडसर राहिलेला नाही, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पाही जून २०२५मध्ये खुला झाला. तरी धाप लागलेल्या नवजात बाळाला अँब्युलन्समधून मुंबईला नेणं आणि आईच्या पोटातच त्याला तिथे नेणं, यांत दुसरा मार्ग कितीतरी सुरक्षित असतो.

जन्मल्यावर लगेच काय करतात?

बाळ रडलं, गुलाबी आहे, श्वास मिनिटाला ६०च्या आत आहे, तर त्याला आईजवळ द्यायचं आणि पाजायचं. छातीचा एक्स-रे काढतात. एक-दोन दिवस नजर ठेवून घरी सोडतात. श्वास जोरात असेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर ऑक्सिजन किंवा श्वासाचं यंत्र लागतं. ज्या थोड्या बाळांची धाप त्या भागाच्या दाबामुळे असते त्यांचं ऑपरेशन त्याच दिवसांत करावं लागतं.

एक्स-रे नॉर्मल आला, बाळ छान आहे. मग सीटी कशाला?

साधा एक्स-रे यात फसवतो. दोष असूनही तो कितीतरी बाळांत स्वच्छ येतो. खरं चित्र सीटीत दिसतं, तेही शिरेतून औषध देऊन केलेल्या, कारण महाधमनीतून आलेली जादा रक्तवाहिनी आहे की नाही हे ऑपरेशनच्या आधी कळायलाच हवं. ती माहीत नसताना छाती उघडली तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

लक्षणं नसलेल्या बाळाचा सीटी साधारण ३ ते ६ महिन्यांच्या वयात करतात. त्यात क्ष-किरण असतात हे खरं, म्हणून तो पुन्हा पुन्हा करायचा नाही; बाळांसाठीच्या कमी मात्रेवर एकदाच नीट करायचा. नुसतं दूध पाजून झोपवून करता येईल की झोपेचं औषध लागेल, हे केंद्रात आधी विचारून घ्या.

आमच्या भागात सगळ्यात जास्त बाळं इथेच निसटतात. बारसं झालं, बाळ हसायला लागलं, आजी म्हणते कशाला चिरफाड. मग दोन-तीन वर्षांनी तेच मूल त्याच बाजूच्या न्यूमोनियाने तिसऱ्यांदा भरती होतं आणि गरोदरपणीची फाइल तोवर घरात सापडत नाही. सोनोग्राफीचे रिपोर्ट बाळाच्या लसीकरण कार्डासोबत ठेवा. पहिल्या पानाचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये असू द्या.

लक्षणं नाहीत तरी ऑपरेशन करायचं? दोन डॉक्टरांनी दोन सांगितलं.

कारण या एका मुद्द्यावर जगभरचे डॉक्टरही एकमताचे नाहीत. ऑपरेशनच्या बाजूचे म्हणतात: या भागात कफ आणि जंतू अडकून वारंवार संसर्ग होऊ शकतो, पोकळी फुटून छातीत हवा साठू शकते, आणि संसर्ग झाल्यावर केलेल्या ऑपरेशनमध्ये गुंतागुंत जास्त होते, मग मूल ठणठणीत असताना, पहिल्या वर्षात का काढू नये? लहान वयात उरलेलं फुफ्फुस वाढून जागाही भरून काढतं. थांबण्याच्या बाजूचे म्हणतात: अनेक मुलांना वर्षानुवर्षं काहीच होत नाही, मग सगळ्यांना भूल आणि कापाकापी कशाला?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. भाग मोठा आहे, बऱ्याच पोकळ्या आहेत, जादा रक्तवाहिनी मोठी आहे, घराण्यात ट्यूमरचा इतिहास आहे, किंवा गाव इतकं लांब आहे की न्यूमोनिया झाल्यावर वेळेत पोहोचता येणार नाही, तर मी ऑपरेशनकडे झुकते. शेवटचं कारण परदेशी मार्गदर्शक सूचनांत क्वचितच दिसतं, पण आपल्याकडे ते मोजलंच पाहिजे. भाग अगदी लहान असेल, आई-वडील दर वर्षी दाखवायला येणारे असतील, तर थांबणंही योग्य आहे. थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे, एवढं मात्र दोघांनी पक्कं समजून घ्यावं.

ऑपरेशन कसं होतं? एक भाग काढल्यावर मूल धावू-खेळू शकेल?

उजव्या फुफ्फुसाला तीन कप्पे, डाव्याला दोन. बहुतेक वेळा दोष एकाच कप्प्यात असतो आणि तो कप्पा काढतात. अनुभवी हातांत हे दुर्बिणीने, तीन-चार छोट्या छिद्रांतून होतं. नाहीतर फासळ्यांमधून छेद घेऊन. छातीत एक-दोन दिवस, कधी थोडी जास्त, नळी असते. गुंतागुंत नसेल तर बाळ आठवड्याच्या आत घरी जातं. हवा गळत राहणं, रक्तस्राव, संसर्ग हे धोके आहेत, आणि सहीच्या आधी सर्जनने ते तुम्हाला समजावून सांगायला हवेत. त्यांनी अशी किती बाळं केली आहेत हे विचारायला लाजू नका.

आणि हो, धावेल. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या जन्मानंतरही वाढत राहतात, विशेषतः पहिल्या दोन-तीन वर्षांत. एक कप्पा काढलेली मुलं शाळेत जातात, कबड्डी खेळतात, पोहतात.

यातून कर्करोग होतो का?

सीपॅम हा कर्करोग नाही. काळजीची जागा अशी, की प्ल्यूरोपल्मनरी ब्लास्टोमा नावाचा एक दुर्मीळ बालकर्करोग सुरुवातीला हुबेहूब पोकळ्यांच्या सीपॅमसारखा दिसतो, आणि सीटीतही दोघांत फरक करणं कधी कधी जमत नाही. दोन्ही फुफ्फुसांत पोकळ्या असणं, जन्मल्यावर आपोआप छातीत हवा भरणं, घराण्यात लहान वयातल्या फुफ्फुसाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या गाठी असणं, यांनी शंका बळावते. अशा वेळी डायसर-१ या जनुकाची तपासणी करतात. काढलेला भाग दर वेळी पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे, आणि तो रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय फाइल बंद करू नका.

घरी काय सांभाळायचं?

धूर. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओव्याची धुरी द्यायची आणि बाजेखाली शेगडी ठेवायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. या बाळांच्या बाबतीत ती पूर्ण बंद ठेवा. चूल, उदबत्ती, विडी-सिगरेट, मच्छर कॉइल, सगळ्यांपासून लांब. मालिश करायला हरकत नाही. निफाडकडे थंडी कडाक्याची पडते; ऊब द्यायची असेल तर कपड्यांनी आणि आईच्या कुशीने द्या.

लसी वेळेवर द्या. न्यूमोकोकलची लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. हवेने भरलेली मोठी पोकळी असेल तर विमानप्रवासाच्या आधी डॉक्टरांशी बोला.

श्वास मोजायला शिका: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांपर्यंत ६० किंवा जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर दाखवायला न्या. ओठ निळसर झाले, फासळ्या आत ओढल्या गेल्या, दूध पिताना घाम येऊन थकू लागलं, तर थेट १०८ला फोन करा. फोनवर आणि रुग्णालयात पोहोचताच पहिलं वाक्य हेच सांगा, की बाळाच्या फुफ्फुसात जन्मजात दोष आहे. पोकळीलाच छातीत साठलेली हवा समजून घाईत नळी घातली जाऊ नये, म्हणून हे आवश्यक आहे.

खर्च कसा जुळवायचा?

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. जन्मजात दोषांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची दारं शून्य ते १८ वर्षांच्या मुलांना उघडी असतात. नाशिकच्या सिव्हिलमध्ये चौकशीची सुरुवात करा, किंवा गावातल्या आशाताईंना सांगा. त्यांना वाट माहीत असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठी. भरती होण्याआधी आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात योजनेची माहिती देणाऱ्या माणसाकडे, जाऊन तुमच्या बाळाचं ऑपरेशन त्यात बसतं का हे विचारा. रेशनकार्डावर बाळाचं नाव नसणं आणि जन्मदाखला न मिळणं, इथे लोक अडतात. बारशाच्या आधी ही दोन कामं उरका.

इतक्या सोनोग्राफी झाल्या. मुलगा की मुलगी तेवढं सांगाल?

नाही. १९९४च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि या आजाराच्या उपचारात त्याने काडीचाही फरक पडत नाही.

पुढच्या बाळालाही असंच होईल का?

बहुधा नाही. सीपॅम आणि सिक्वेस्ट्रेशन सहसा घराण्यात चालत नाहीत. पुढच्या गरोदरपणात धोका इतर कुणाहीइतकाच धरतात. पहिल्या बाळात डायसर-१चा बदल सापडला असेल तर गोष्ट वेगळी. तो बदल आई किंवा वडिलांत असला तर प्रत्येक बाळाला मिळण्याची शक्यता निम्मी असते. मिळालेल्या सगळ्यांना आजार होत नाही, पण पुढचं पाऊल टाकण्याआधी जनुकीय समुपदेशन घ्यावं. बाकीच्यांनी पुढच्या वेळी १८ ते २२ आठवड्यांची सोनोग्राफी वेळेवर करावी आणि डॉक्टरांना पहिल्या बाळाचा रिपोर्ट दाखवावा.